वीतभर अंतर

आमच्याकडे हेडफोनला हेडफोन कुणी म्हणत नाही. "माझं ब्लूटूथ बिघडलं," असं म्हणत माणूस दुकानात शिरतो आणि गळ्यातला नेकबँड काढून काउंटरवर ठेवतो. पुढचं वाक्य ठरलेलं असतं, "आवाज तुटू राहिला." जालन्यात मामा चौकाजवळच्या एका गल्लीत अठरा वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत माझा हात शोकेसकडे जायला लागला होता. चार्जिंग बघायचं, जुनी जोडणी पुसून पुन्हा पेअर करायचं, ड्रायव्हर नव्याने टाकायचा. एवढं करून जमलं नाही, तर म्हणायचं, "आता नवीनच घ्या."

नवीन विकण्यात पाप नाही, दुकान त्यावरच चालतं. पण त्यातले कितीतरी हेडफोन बिघडलेलेच नव्हते, हे मला फार उशिरा कळलं. ते शिकवलं एका पेटीवाल्या गुरुजींनी.

2020 चा पावसाळा. लॉकडाऊन नुकतं सैल झालेलं. गुरुजी शाळेतून संगीतशिक्षक म्हणून निवृत्त झालेले, जुन्या जालन्यात राहणारे. कुंडलिकेच्या पुलावरून चालत, तोंडाला उपरणं बांधून आले. मुलाने त्यांना एक चांगला ब्लूटूथ हेडफोन पाठवला होता आणि जुन्या कॉम्प्युटरला जोडण्यासाठी नखाएवढा डोंगलही.

"यूट्यूबवरचं गाणं नीट ऐकू येतं," गुरुजी म्हणाले. "पण माझ्याजवळच्या जुन्या मैफिली लावल्या की आवाज तुटतो."

"कॅसेटवरनं उतरवलेल्या असतील ना? फाइली खराब असतील, गुरुजी."

"फाइल खराब असती तर दर वेळी त्याच जागी तुटली असती. ही एकदा मुखड्यावर तुटते, एकदा अंतऱ्यात. तीच चीज, पण तुटायची जागा वेगळी."

आज हे वाक्य आठवलं की मला शरम वाटते. निम्मं निदान गुरुजींनी स्वतःच करून आणलं होतं. दोष कानाला लावायच्या वस्तूत असता तर यूट्यूबही तुटलं असतं. फाइलीत असता तर जागा बदलली नसती. म्हणजे दोष तिसऱ्याच ठिकाणी होता. पण मी कान दिला नाही. ड्रायव्हर बदलला, दुकानातल्या लॅपटॉपवर पाच मिनिटं एक भजन लावून बघितलं. ते अर्थातच छान वाजलं. तरीही मी त्यांना 1800 रुपयांचा नवा हेडफोन दिला. जुना त्यांनी माझ्याकडेच ठेवला. "पार्ट म्हणून कामाला येईल तुला," म्हणाले.

आठ दिवसांनी गुरुजी पुन्हा दारात. भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "पेटी नवी आणली, तरी भाता फाटका तो फाटकाच."

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. खोलीत एक सागवानी टेबल, त्यावर मॉनिटर, शेजारी झाकलेली पेटी. सीपीयूचा डबा टेबलाखाली, पाठ भिंतीला टेकवलेली. मोबाइलचा टॉर्च लावून मी मागे डोकावलो. निळ्या रंगाचे दोन यूएसबी पोर्ट एकमेकांना खेटून होते. एकात तो नखाएवढा डोंगल. दुसऱ्यात एक्स्टर्नल हार्ड डिस्कची जाड वायर. गुरुजींच्या सगळ्या मैफिली त्या डिस्कमध्ये होत्या.

मी त्यांना यूट्यूब लावायला सांगितलं. वाजत असतानाच डिस्कमधला एक मोठा फोल्डर कॉम्प्युटरवर कॉपीला टाकला. यूट्यूबही तुटायला लागलं. डिस्कची वायर काढली, आवाज स्वच्छ. पुन्हा लावून कॉपी सुरू केली, पुन्हा तुटला. चार वेळा करून बघितलं, चारही वेळा तेच. गुरुजी हेडफोन कानाला लावून डोळे मिटून बसले होते. मी वायर काढली की त्यांची मान डोलायची, लावली की कपाळाला आठी पडायची. इतकं चोख मोजमाप करणारं यंत्र माझ्या दुकानात नाही.

पिशवीत प्रिंटरच्या कामासाठी ठेवलेली मीटरभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन वायर होती. तिचं एक टोक सीपीयूच्या पुढच्या काळ्या पोर्टात घातलं, दुसऱ्या टोकाला डोंगल बसवला आणि टेबलाच्या लाकडी कडेला चिकटपट्टीने डकवून टाकला. डिस्क होती तिथेच, निळ्या पोर्टात. मैफील लावली. तास झाला तरी ती कुठे तुटली नाही.

"काय बदललंस?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, गुरुजी. जागा बदलली."

ते का झालं, हे मला त्या दिवशी नीट सांगता आलं नाही. रात्री घरी येऊन वाचत बसलो. बिनतारी माऊस, कीबोर्ड, ब्लूटूथ हेडफोन, घरातलं साधं वायफाय ही सगळी मंडळी 2.4 गिगाहर्ट्‌झच्या एकाच पट्ट्यात बोलतात. गुरुजींच्या सीपीयूवरचे ते निळे पोर्ट यूएसबी 3.0 चे. हे तंत्र 2008 साली आलं. त्याच्या वायरीतून सेकंदाला पाच अब्ज बिट धावू शकतात. ती धाव इतकी वेगवान असते, की पोर्टाच्या खाचेतून आणि वायरीतून तिचा थोडा गोंगाट हवेत सांडतो, आणि त्याचा काही भाग नेमका 2.4 च्या पट्ट्यात पडतो. इंटेल कंपनीने 2012 च्या एप्रिलमध्ये यावर एक टिपणच काढलं होतं. हार्ड डिस्क जोडल्यावर त्या पट्ट्यातला गोंगाट जवळपास 20 डेसिबलने वाढल्याचं त्यांनी मोजून दाखवलं. 20 डेसिबल म्हणजे शंभरपट. आठ वर्षांपूर्वी छापलेली गोष्ट मला कुंडलिकेपलीकडच्या एका खोलीत पोटावर पालथं पडून कळली.

माझा समज असा, की आवाज तुटतो म्हणजे हेडफोनला नीट ऐकू येत नाही. घडत होतं उलटं. डोंगल गाण्याचे बारीक तुकडे करून पाठवतो आणि प्रत्येक तुकड्याची पोच हेडफोनकडून मागतो. पोच आली की पुढचा तुकडा. इथे हेडफोन इमानदारीने पोच देत होता, पण डोंगलच्या कानाशी भट्टी पेटलेली. त्याला पोच ऐकूच जायची नाही, म्हणून तो तोच तुकडा पुन्हा पाठवायचा, पुन्हा पाठवायचा. तेवढ्यात हेडफोनजवळची शिदोरी संपायची आणि सूर तुटायचा. दोष बोलणाऱ्यात नव्हता, ऐकणाऱ्यातही नव्हता. ऐकणारा चुकीच्या जागी बसला होता, एवढंच.

दुसऱ्या दिवशी हे गुरुजींना सांगायला गेलो तर त्यांनी नेमका प्रश्न विचारला. "हा जो पट्टा तू म्हणतोस, तो कुणाच्या मालकीचा?"

"कुणाच्याच नाही. गायरान आहे ते."

आणि खरंच तसंच आहे. टीव्ही, रेडिओ, मोबाइल कंपन्या यांचे पट्टे सातबाऱ्यावर नाव असलेल्या जमिनीसारखे. परवानगीशिवाय पाय ठेवता येत नाही. 2.4 चा पट्टा मात्र मोकळा. आपल्याकडे जानेवारी 2005 च्या नियमांनी कमी ताकदीच्या यंत्रांना तिथे लायसन्समधून सूट मिळाली. गुरुजी हसले. त्यांच्या वडिलांनी घरातल्या रेडिओचं लायसन्स पोस्टात जाऊन काढलं होतं, दर वर्षी त्याचं तिकीट लावून घ्यायचे. ऐकायलासुद्धा लायसन्स लागायचं, आणि आता पोराटोरांच्या माऊसला बोलायचीही मोकळीक. गायरानात मग ज्याची त्याची गुरं. मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात 2.45 वर चालतो. दार जरा सैल झालं की शेजारचं ब्लूटूथ अडखळतं.

गर्दीत वाट काढायची ब्लूटूथची स्वतःची युक्ती आहे. आपल्या पट्ट्यात त्याने 79 वाटा आखल्यात आणि तो सेकंदाला 1600 वेळा या वाटेवरून त्या वाटेवर उडी मारतो. कुठल्या वाटांवर वायफाय बसलंय हे ओळखून त्या टाळतोही. वायफायचा एक चॅनल विसेक वाटा अडवतो, बाकीच्या मोकळ्या राहतात. यूएसबीचा गोंगाट मात्र पुरासारखा सगळ्या पट्ट्यावर पसरतो. उडी मारायची कुठे? जाल तिथे पाणीच.

या उड्यांची कल्पना जुनी आहे. हॉलिवूडची नटी हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल या दोघांना 1942 मध्ये तिच्यावर पेटंट मिळालं. शत्रूला पाणतीराचा बिनतारी संदेश अडवता येऊ नये म्हणून तो एका लहरीवरून दुसऱ्या लहरीवर उड्या मारत पाठवायचा, आणि लहरी किती, तर 88. पियानोच्या पट्ट्यांइतक्या. हे ऐकून गुरुजींनी मांडीवर थाप मारली. "म्हणजे मुळात आमच्याच लोकांचं काम!"

त्यानंतर 'आवाज तुटू राहिला' म्हणणाऱ्याला मी आधी बसायला सांगू लागलो. कधी तुटतो? कुठे बसल्यावर तुटतो? तेव्हा आणखी काय चालू असतं? फोनवर तुटतो की कॉम्प्युटरवरच? एक तर रोज सांगायचा, की उजव्या खिशात फोन ठेवला की तुटतो, डाव्यात ठेवला की नाही. त्याच्या नेकबँडचा अँटेना डाव्या बाजूला असावा. माणसाच्या अंगात पाणी, आणि 2.4 च्या लहरी पाणी पिऊन टाकतं. मधे सगळा देह आडवा येत होता. त्याचं निदान फुकटात झालं. आज तो माझा कायमचा गिऱ्हाईक आहे.

पुढच्या वर्षी एमआयडीसीतल्या एका सळईच्या कारखान्यातून फोन आला. वजनकाट्याच्या केबिनमधला माऊस मरतोय. जालन्यात अशा तक्रारीचं उत्तर तयार असतं, 'भट्टीमुळे होतं.' लाइट मिचकली, भट्टी. टीव्हीवर मुंग्या आल्या, भट्टी. काट्यावरचा पोरगाही तेच म्हणाला. "दादा, भट्टी चढली की माऊस जागेवरनं हलत नाही. तीन माऊस बदलले."

केबिन म्हणजे दहा बाय आठची पत्र्याची खोली. खिडकीबाहेर भंगाराचे ट्रक ओळीने उभे. ट्रक काट्यावर चढला की वजन स्क्रीनवर येतं, पोरगा माऊसने गाडी नंबर निवडतो, पावती निघते. माऊस अडखळला की भलताच नंबर निवडला जातो, पावती रद्द करावी लागते, मागचा ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नाही. त्याच्या वैतागात खोटं काही नव्हतं.

"भट्टी बंद असते त्या दिवशी?" मी विचारलं.

तो जरा थांबला. "त्या दिवशी पण मरतो की. संध्याकाळीच मरतो."

"संध्याकाळी काय करता?"

काही नाही म्हणाला. मग आठवून म्हणाला, की संध्याकाळी साहेब येऊन काट्यावरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग डिस्कवर काढून घेतात. दीडेक तास लागतो. डिस्क सीपीयूच्या मागे, निळ्या पोर्टात. माऊसचा रिसीव्हर तिला खेटून. भट्टीचा आरोप तिथेच गळून पडला. पोलाद वितळवणारी इंडक्शन भट्टी सेकंदाला काही शे ते हजारभर कंपनांवर चालते. माऊसची लहर त्याहून लाखो पटींनी वेगवान. भट्टीने व्होल्टेज खाली-वर होईल, कॉम्प्युटर बंदही पडेल, पण फक्त माऊसचं बोलणं तेवढं अडवणं हे तिचं काम नाही. सीपीयूला पुढच्या बाजूने एक काळा पोर्ट होता. रिसीव्हर तिकडे लावला. माऊस आणि रिसीव्हर यांच्यात आता सीपीयूचा पत्राही आडवा नव्हता.

शिफ्ट बदलली, साहेब आले, डिस्क लावली. माऊस पळत राहिला.

साहेब बिल बघून म्हणाले, "पुढचं काढून मागचं... नाही, मागचं काढून पुढं लावलं. याचे तीनशे?" मला उत्तर सुचलं नाही. दोनशे घेतले आणि निघालो.

प्रत्येक तक्रार याच घरातली असते असं समजू नये. पुण्यातल्या कंपनीचं काम जालन्यात घरी बसून करणारी एक मुलगी आली. मीटिंग सुरू झाली की हेडफोनमधला आवाज डब्यातून आल्यासारखा होतो आणि मधेमधे तुटतोही. मी लगेच डिस्क शोधायला लागलो, डिस्क नव्हतीच. तिच्याकडे दोन वेगळे रोग होते, एकाच तोंडाने सांगितलेले. तुटण्याचं कारण टेबलावर लॅपटॉपला खेटून ठेवलेला राउटर. वायफाय आणि हेडफोन दोघेही 2.4 च्या गायरानात. लॅपटॉप राउटरच्या 5 गिगाहर्ट्‌झवाल्या नावाला जोडला आणि राउटर भिंतीवर टांगला, तुटणं थांबलं. डब्यासारखा आवाज मात्र तसाच राहिला. कारण तो बिघाडच नव्हता. हेडफोनचा माइक चालू झाला की ब्लूटूथ गाण्याची पद्धत सोडून फोनकॉलची पद्धत धरतं; जाणाऱ्या-येणाऱ्या दोन्ही आवाजांना त्याच अरुंद वाटेत जागा करून द्यायची, म्हणून आवाज चेपला जातो. तिला सांगितलं, माइक लॅपटॉपचा निवड, ऐकायला हेडफोन ठेव. तेव्हा कुठे आवाज मोकळा झाला. एक गुपित सापडलं की माणूस सगळीकडे त्याच किल्लीने कुलपं उघडायला जातो. तेही बरं नव्हे.

तीनशे रुपयांचा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला होता. एका रविवारी गुरुजींना विचारला. नवा पार्ट टाकला की गिऱ्हाईक मुकाट पैसे देतं, बॉक्स दिसतो ना. इथे काहीच बदललं नाही, नुसतं इकडचं तिकडे केलं. पैसे मागायचे कशाचे?

गुरुजींनी पेटीवरचं कापड काढलं. दर दोन-तीन वर्षांनी सूर जुळवणारा माणूस येतो, म्हणाले. पेटी उघडतो, एकेक सूर बाहेर काढतो, पितळेच्या पट्टीवर कानस हलकेच फिरवतो, वाजवून बघतो, पुन्हा फिरवतो. टाकत काहीच नाही. उलट कणभर पितळ घासूनच नेतो. "तो कशाचे पैसे घेतो? त्याला ऐकू येतं, त्याचे."

मी त्यांना नव्या हेडफोनचे 1800 परत करायला गेलो होतो. त्यांनी हजार घेतले. उरलेले आठशे 'शिकवणी' म्हणून माझ्याकडे राहू दिले. कोणी कोणाला शिकवलं, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही.

आता काउंटरच्या कोपऱ्यात एका खोक्यात मी दहा-बारा एक्स्टेन्शन वायरी ठेवतो. आवाज तुटतो म्हणून कुणी आलं, की नवं काही दाखवायच्या आधी एक वायर हातात देतो. घरी न्या, डोंगल निळ्या पोर्टापासून वीतभर लांब करा, डिस्कपासून तर लांबच. फरक पडला तर वायरीचे 120 रुपये आणि माझे दोनशे. नाही पडला तर वायर परत. बरेच जण पैसे आणून देतात. तुमच्या घरी माऊस अडखळत असेल, हेडफोन तुटत असेल, तर दुकानाची पायरी चढण्याआधी एवढं करून बघा. सीपीयू टेबलाखालून बाहेर ओढा, मागे काय काय एकमेकांना खेटून बसलंय ते बघा, आणि त्यांना जरा लांब लांब बसवा.

गुरुजींनी पार्टसाठी म्हणून ठेवलेला जुना हेडफोन मी कधी उघडलाच नाही. पाच वर्षं झाली, दुकानात रोज तोच वाजतो.